चहातली साखर, उशाशी मोबाईल आणि कुरतडलेली नखं: छोट्या सवयी प्रत्यक्षात कशा सुटतात

पाडवा, वाढदिवस किंवा १ जानेवारी आला की आपण एकदम चार-पाच संकल्प करतो. साखर बंद, पहाटे उठणं, रोज चालणं, रात्री मोबाईल बंद. आठवडाभर जोर टिकतो, मग एखादं लग्न येतं, एखादा ताप येतो आणि सगळंच बारगळतं. मग आपण म्हणतो, "माझ्यात निर्धारच नाही." हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. सवय निर्धारावर चालत नाही. ती ठरावीक वेळी, ठरावीक जागी, ठरावीक गोष्ट घडली की आपोआप सुरू होते. त्यामुळे काम करायचं ते त्या सुरुवातीवर, आणि सवय गेल्यावर जी जागा रिकामी होते तिथे काय येणार यावर. ती जागा रिकामी ठेवली तर जुनी सवय परत येऊन बसते.

आधी आठवडाभर फक्त नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही सोडू नका. एक छोटी वही किंवा खिशात मावणारा कागद ठेवा आणि सवय घडली की पाच गोष्टी लिहा: किती वाजले, कुठे होतात, सोबत कोण होतं, त्याच्या लगेच आधी काय केलं, मन कसं होतं. एका ओळीपेक्षा जास्त लिहायचं नाही, नाहीतर तिसऱ्या दिवशी वही बंद पडते. नोंद अशी दिसेल: "दु. ४.१०, ऑफिस, जोशी उठले म्हणून उठलो, चहा आणि दोन बिस्किटं, कंटाळा." किंवा "रात्री ११.२०, अंथरुणात, गजर लावायला फोन घेतला, पाऊण तास रील्स."

नोंद घडल्या घडल्या करा. रात्री आठवून लिहिलेली नोंद उपयोगाची नसते, कारण आपल्याला आठवतं ते आपल्या सोयीचं असतं. आठ दिवसांनी वही वाचली की एक-दोन गोष्टी ठळक दिसतात. वरच्या पहिल्या नोंदीत भूक कुठेच नाही, जागेवरून उठायचं निमित्त आहे. दुसऱ्या नोंदीत रील्स बघायची इच्छाही नव्हती, गजर लावायचा होता. एकीवर उपाय म्हणजे उठायचं दुसरं निमित्त, दुसरीवर उपाय म्हणजे गजराचं घड्याळ. ही माहिती हातात नसताना केलेला संकल्प अंदाजाने दिलेल्या औषधासारखा असतो.

मग एकच सवय निवडा. रोज घडणारी, शक्यतो एकाच जागी घडणारी आणि सुटली तर फरक लगेच जाणवेल अशी. तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगारेट आणि दारू यांना मात्र या यादीत घेऊ नका. ती व्यसनं आहेत, शरीर त्यांची मागणी करतं, आणि तिथे डॉक्टरांची मदत घेणं हाच शहाणपणा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे, तिथे समुपदेशक बोलतात.

चहा: कप तोच, आतलं बदला

मराठी घरात चहा सोडा म्हणणं व्यवहार्य नाही आणि बहुतेकांना त्याची गरजही नाही. प्रश्न असतो साखरेचा, वेळेचा आणि चहाबरोबर तोंडात जाणाऱ्या गोष्टींचा.

आधी मोजा. घरातला साखरेचा चमचा सपाट भरला तर साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर येते, शीग लावून भरला तर त्याहून बरीच जास्त. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर आपला नेहमीचा चमचा नेहमीच्याच सवयीने भरून एकदा तोलून पाहा. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे धरले तर ४० ते ५० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार दिवसभराच्या ऊर्जेपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत असावा, आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. २००० कॅलरींच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. म्हणजे बिस्किटं, श्रीखंड, जिलबी बाजूलाच राहू द्या, नुसता चहाच दुप्पट भरतो. गूळ घातला म्हणून हा हिशेब बदलत नाही. या मोजमापात गूळ, मध आणि साखर एकाच खात्यात येतात.

साखर एकदम बंद केली की चहा बेचव लागतो आणि चौथ्या दिवशी दोनाचे अडीच चमचे होतात. त्यापेक्षा दर दहा दिवसांनी पाव चमचा कमी करा. दोनावरून पावणेदोन, मग दीड, असं करत एका चमच्यावर यायला साधारण सहा आठवडे लागतात. जीभ या वेगाला सरावते, इतकी की नंतर जुना चहा पाकासारखा लागतो. यासाठी डब्यात मापाचा चमचाच ठेवा, मोठा चमचा दुसऱ्या खणात. चहा एकत्र पातेल्यात होत असेल तर तुमचा चहा गाळून झाल्यावर बाकीच्यांसाठी साखर घालायला सांगा, किंवा सगळ्यांनीच साखर कपात घ्यायची पद्धत पाडा. घरातला चहा जी व्यक्ती करते तिला सांगितल्याशिवाय हा प्रयोग यशस्वी होत नाही.

टपरीवरच्या चहात साखर आधीच उकळलेली असते. तिथे कमी-जास्त होत नाही, म्हणून तिथे संख्या कमी करायची. रोज तीन कटिंग होत असतील तर एक कायम ठेवा, आवडती वेळ निवडून. बाकी दोन वेळी मित्रांबरोबर खाली जाच, पण हातात दुसरं काही घ्या: पाणी, ताक, मोसमात असेल तर शहाळं. गप्पा, मोकळी हवा, दहा मिनिटांची सुटका हे सगळं तसंच राहतं. बऱ्याच जणांना टपरीवर खेचून नेतं ते हेच.

वेळेबद्दल दोन गोष्टी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारविषयक सूचना सांगतात की जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी. चहातलं टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवतं आणि ते शरीरात कमी शोषलं जातं. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांनी पोळी-भाजीच्या नाश्त्याबरोबरचा चहा आधी मागेपुढे करावा. लोहाची गोळी चहाबरोबर घेणं तर गोळी वाया घालवणंच. दुसरी गोष्ट कॅफिनची. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, आणि हा काळ माणसागणिक कमी-जास्त असतो. संध्याकाळी सहाच्या चहाचं निम्मं कॅफिन रात्री अकराला रक्तात असू शकतं. झोप लागत नाही अशी तक्रार असेल तर शेवटचा चहा चारच्या आत घेऊन पंधरवडाभर पाहा.

संध्याकाळच्या चहाच्या जागी गवती चहा आणि आलं पाण्यात पाच मिनिटं उकळून घ्या, चहापत्ती न घालता. कप तोच, वाफ तीच, बसायची खुर्ची तीच ठेवा. बदल जितका कमी दिसेल तितका तो टिकतो.

काय बिघडतं? रोज पाच-सहा चहा घेणाऱ्याने एकदम बंद केले तर बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, चिडचिड होते, आणि हे दोन ते नऊ दिवस टिकू शकतं. लोक समजतात, "मला चहा न घेणं मानवत नाही," आणि परत सुरू करतात. म्हणून दर तीन-चार दिवसांनी एकच कप कमी करायचा. दुसरी अडचण पाहुणचाराची. आपल्याकडे "नको" हे भिडेपोटी म्हटलेलं समजतात, त्यामुळे कितीही वेळा नको म्हटलं तरी कप समोर येतोच. यजमानाला काहीतरी द्यायचं असतं, तर त्याला ते सुचवा: "काकू, चहा आत्ताच झाला, पण तुमच्या हातचं ताक असेल तर घेईन." आग्रह तिथेच थांबतो. ताक नसेल तर कोमट पाणी मागा, तेही कौतुकाने आणून देतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहारातली साखर मोठ्या प्रमाणात कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, औषधाचं प्रमाण बदलावं लागू शकतं.

मोबाईल: चार्जरची जागा ठरवते

अंथरुणातला मोबाईल हा निश्चयाने सुटणारा प्रकार नाही. फोन हाताच्या अंतरावर आहे तोवर रोज रात्री, दमलेल्या डोक्याने, तुम्हाला त्याला नाही म्हणावं लागेल. ही लढाई रोज लढायचीच नाही अशी व्यवस्था करा.

१. साधं गजराचं घड्याळ विकत आणा. घड्याळ नसेल तर बाकीच्या पायऱ्या टिकत नाहीत, कारण "गजरासाठी" फोन उशाशी परत येतो.

२. चार्जर झोपायच्या खोलीतून काढा आणि हॉलमध्ये किंवा स्वयंपाकघरात एका प्लगला कायमचा लावून ठेवा. दुसरा चार्जर, पॉवरबँक आणि लांब वायरही तिथेच. एकच खोली असेल तर चार्जर पलंगापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, उभं राहूनच फोन पाहता येईल अशा उंचीवर.

३. फोन ठेवायची वेळ घड्याळावर ठरवू नका, रोज न चुकता होणाऱ्या कामाला जोडा. "दाराला कडी लावली की फोन चार्जरला." किंवा "दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये गेलं की फोन चार्जरला." असं "हे झालं की ते" या साच्यात ठरवलेलं काम नुसत्या "मी फोन कमी वापरेन" पेक्षा जास्त पाळलं जातं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि त्यांचा हा साचा आज सवयी बदलण्याच्या अनेक कार्यक्रमांत वापरला जातो.

४. पलंगापाशी फोनच्या जागी काहीतरी ठेवा. दिवाळी अंकातली एखादी कथा, शब्दकोडं, जपमाळ, पायाला लावायचं तेल, जे तुम्हाला मनापासून आवडतं ते. ही जागा रिकामी सोडली की चौथ्या रात्री तुम्ही हॉलमध्ये फोन आणायला जाता.

सगळ्यात खरी हरकत असते ती गावी असलेल्या आई-वडिलांची: "रात्री काही झालं तर?" ही काळजी योग्य आहे आणि तिच्यासाठी फोन उशाशी लागत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये "डू नॉट डिस्टर्ब" सुरू करून त्यात निवडक नंबरांना परवानगी देता येते. आई, वडील, भाऊ, शेजारच्या काकांचा नंबर तिथे घाला, रिंग मोठी ठेवा आणि खोलीचं दार किलकिलं ठेवा. घरातल्या कुणाकडून तरी एकदा फोन करवून आवाज पोहोचतो का ते तपासा. ही चाचणी केल्याशिवाय मन निर्धास्त होत नाही आणि फोन पुन्हा पलंगावर येतो.

झोपायची वेळ एकदम बाराची दहा करू नका. झोप येत नाही, तासभर कूस बदलत पडावं लागतं, आणि पलंग म्हणजे जागं पडण्याची जागा असं शरीर शिकतं. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. त्याहून महत्त्वाची उठायची वेळ. ती रविवारीसुद्धा तासाभराच्या फरकात ठेवा आणि उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं गॅलरीत, अंगणात, गच्चीवर उजेडात जा. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. मोठ्या माणसाला सात तास किंवा त्याहून जास्त झोप लागते, त्यामुळे सहाला उठायचं असेल तर अकराला डोळा लागलेला हवा. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद दिव्यात काहीतरी शांत करा आणि पेंग आली की परत या.

इथे उशिरा जेवणाचा प्रश्न जोडलेला आहे. झोप आणि जेवण यांत दोन-तीन तास हवेत असं सगळेच सांगतात, पण साडेनऊला लोकलमधून डोंबिवलीला किंवा विरारला उतरणाऱ्याने काय करावं? जेवण दोन भागांत वाटा. संध्याकाळी सहा-साडेसहाला ऑफिसातच पोटभरीचं काहीतरी खा: सकाळच्या डब्यातली राखून ठेवलेली पोळी-भाजी, फुटाणे-शेंगदाणे, उकडलेली अंडी, मोडाची उसळ. मग घरी आल्यावर मुगाची खिचडी आणि ताक किंवा एक भाकरी आणि पालेभाजी पुरते. संध्याकाळचा हा डबा नसेल तर स्टेशनबाहेरचा वडापाव होतो, वर दहाला पूर्ण जेवणही होतं.

नखं कुरतडणं, केस ओढणं, बोटं मोडणं

या सवयी नकळत होतात, म्हणून "करू नको" म्हणून काही होत नाही. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये यावर एक पद्धत मांडली. ती आजही वापरली जाते आणि घरी करता येते.

तिचा पहिला भाग म्हणजे सवयीची चाहूल ओळखणं. नखं थेट तोंडात जात नाहीत. त्याआधी अंगठा बाकी बोटांच्या कडा चाचपतो, खडबडीत टोक शोधतो, मग हात हनुवटीपर्यंत येतो. हे चाचपणं पकडायचं. दुसरा भाग पर्यायी हालचालीचा. चाहूल लागली की मूठ हलकी आवळून हात मांडीवर ठेवा, किंवा हातात पेन, किल्ली धरा, आणि एक ते तीन मिनिटं तसंच राहा. ही हालचाल चारचौघांत विचित्र न दिसणारी आणि ती चालू असताना नख तोंडात जाणं अशक्य करणारी हवी. तेवढ्या वेळात ओढ ओसरते.

खिशात किंवा पर्समध्ये छोटी कानस ठेवा, कारण खडबडीत कड हीच बहुतेकदा सुरुवात असते. दर दोन-तीन दिवसांनी नखं कापून कडा गुळगुळीत करा. औषधांच्या दुकानात मिळणारा कडू लेप मदत करतो, पण पर्यायी हालचालीच्या जोडीला. मुलांच्या बोटांना मिरची लावू नका. तोच हात डोळ्याला लागतो.

मुलाला सगळ्यांसमोर "काढ ते बोट तोंडातून" म्हटलं की ताण वाढतो आणि बोट परत तोंडात जातं. त्याच्याशी मिळून एक खुणेचा शब्द ठरवा, फक्त तुम्हा दोघांना कळणारा. नखाच्या बाजूला सूज, पू किंवा ठणका असेल, किंवा केस ओढून टक्कल पडू लागलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

नवी सवय जोडायची तर: शतपावलीचं उदाहरण

जेवणानंतर थोडं चालल्याने रक्तातली साखर कमी चढते, आणि रात्री याच वेळी आपण सोफ्यावर फोन घेऊन बसतो, त्यामुळे ही सवय दुहेरी उपयोगी. सुरुवात अगदी छोटी करा: ताट सिंकमध्ये ठेवलं की चपला घालायच्या आणि इमारतीच्या फाटकापर्यंत जाऊन यायचं. बस. पहिला आठवडा एवढंच, मन असलं तरी वाढवायचं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून पाच मिनिटं, मग दहा-पंधरा. चपला दाराबाहेर तयार ठेवा आणि घरातल्या एकाला सोबत घ्या. दोघं असली की एकाचा कंटाळा दुसऱ्यापुढे चालत नाही.

ही सवय हमखास मोडते ती जूनमध्ये. पाऊस सुरू झाला की चालणं थांबतं आणि ऑक्टोबरात आठवण येते. म्हणून मे महिन्यातच पावसाची सोय ठरवून ठेवा: मजल्यावरचा पॅसेज, गच्चीवरची शेड, नाहीतर घरातच हॉल ते स्वयंपाकघर फेऱ्या. अंतर कमी झालं तरी चालेल, ताटानंतर चपला हा क्रम तुटू देऊ नका.

किती दिवस लागतात, आणि खाडा पडला तर

एकवीस दिवसांत सवय लागते हे सगळीकडे सांगतात, त्याला भक्कम आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९-१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वागणं आपोआप होऊ लागायला लागलेल्या काळाचा मध्य ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. खाण्यापिण्याच्या सवयी लवकर बसल्या, व्यायामाच्या उशिरा. बाविसाव्या दिवशी अजून जड जातंय म्हणून सोडणाऱ्यांचं नुकसान होतं ते या चुकीच्या आकड्यामुळे. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकला तरी एकूण प्रगतीवर विशेष परिणाम दिसला नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारा, स्वयंपाकघरात सगळ्यांना दिसेल अशी. खाडा पडला तर चौकट रिकामी ठेवा, मागाहून भरू नका. नियम एकच: सलग दोन खाडे नाहीत. पहिला खाडा पाहुण्यांमुळे पडतो, दुसरा "आता मोडलंच आहे तर" या विचाराने.

गणपती, दिवाळी, लग्नसराई यांचं आधीच ठरवा. गौरी-गणपतीच्या दिवसांत मोदक खायचेच आहेत, मग त्या दिवसांपुरता चहा बिनसाखरेचा. प्रवासात गजराचं घड्याळ बॅगेत. लग्नघरी रात्री जागरण झालं तरी सकाळी उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त पुढे ढकलायची नाही. कठीण आठवड्यात सवय पूर्ण पाळता येत नसेल तर तिचं सगळ्यात छोटं रूप पाळा: पंधरा मिनिटांऐवजी फाटकापर्यंतची एक फेरी.

दुसरी सवय केव्हा घ्यायची? पहिली न आठवता होऊ लागली की. रात्री कडी लावताना हात आपसूक चार्जरकडे जात असेल, किंवा चुकून दोन चमचे पडलेला चहा अर्ध्यावर सोडावासा वाटत असेल, तर वहीचं नवं पान काढा आणि पुन्हा आठवडाभर फक्त नोंद करा.